धन्य आमची बेफिकिरी

मराठवाड्याच्या माणसाचं कौतुक आजवर पुष्कळ झालं. दुष्काळ पचवणारा, निजामाला पुरून उरलेला, भाकरी-ठेच्यावर दिवस काढूनही पाहुण्याला उपाशी न धाडणारा. त्याच्या एका गुणाची दखल मात्र कुणी घेतली नाही, आणि तो म्हणजे पाण्यात उतरतानाची त्याची बेफिकिरी. या गुणाला ना पुरस्कार, ना सत्कार. वर्षाला किती माणसं त्यासाठी जीव देतात ते पाहिलं तर हा अन्याय फारच टोचतो.

हा गुण किती थोर आहे ते कळायला पाण्याच्या बाबतीत आम्ही एरवी कसे वागतो ते माहीत हवं. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहरात पाणी भरायच्या जागी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. घागरीगणिक हिशेब आणि थेंबाथेंबाला पहारा. पण त्याच पाण्यात माणूस उतरला की पहारा उठतो. काठावर दोरी नाही, पाटी नाही, बघायला माणूस नाही. पाणी चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही रात्र जागवतो, आणि माणूस पाण्यात जातो तेव्हा मोठ्या मनाने सगळं देवावर सोपवतो. इतका विश्वास दुसऱ्या मुलखात शोधून सापडायचा नाही.

नांदेडकर तर श्रद्धेच्या बाबतीत लातूरकरांच्या दोन पावलं पुढे. गोदावरी आमची गंगा, आणि गंगा बाटत नसते. विष्णुपुरी धरणाच्या खाली नदी शहराला लागते आणि एकेका घाटाला भेटत पुढे जाते. गोवर्धन घाट, नगीना घाट, बंदा घाट, उर्वशी घाट. 2008 साली शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याची त्रिशताब्दी झाली तेव्हा घाटांना नवं रूप आलं, पायऱ्या रुंद झाल्या, दिवे लागले. पायऱ्यांपर्यंतचं काम चोख झालं. पायऱ्या जिथे संपतात तिथून पुढचं गंगामाईवर सोडलं.

उन्हाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे बंद असतात आणि वरून नदी फारशी येत नाही. अशा वेळी पात्र ओकंबोकं दिसू नये याची काळजी शहराचे नाले घेतात. पावसाळा असो, दुष्काळ असो, त्यांनी कधी खंड पाडलेला नाही. वर जलपर्णीची हिरवी चादर पसरते, म्हणजे खालचं काही दिसण्याचीही सोय उरत नाही. या नदीतून सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी रोज पहाटेच्या अंधारात घागर भरून नेली जाते, आणि दिवाळीला तख्तस्नानासाठी देशभरातून भाविक येतात. त्यांची श्रद्धा सोन्यासारखी आहे. तिच्या शेजारी नाला सोडायची छाती मात्र फक्त आमचीच.

आता काही नाठाळ लोक निकषांची भाषा करतात. नदीत आंघोळ करायची तर पाणी कसं असावं याचे आकडे आपल्या देशाने पर्यावरण संरक्षण नियमांत लिहून ठेवले आहेत. शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू पाचशेच्या आत असावेत, फार तर अडीच हजार. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जो प्राणवायू खर्ची पडतो त्याचं माप, 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे आकडे पिण्याच्या पाण्याचे नव्हेत, नुसत्या अंघोळीचे आहेत. आणि जिवाणू वाढवून मोजायचे तर दोन-तीन दिवस जातात. एवढा दम कुणाला आहे? आम्ही ओंजळ भरतो, डोळे मिटतो आणि ‘हर गंगे’ म्हणून बुडी मारतो. चार-आठ दिवसांनी ताप आला, जुलाब लागले, डोळे पिवळे झाले, कान वाहू लागला, तर त्याला हवापालट म्हणायचं शहाणपणही आमच्याकडे आहे. नदीवर आळ घेणारा नांदेडात निपजायचा आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नद्यांची यादी केली. तिच्यात नाशिकच्या सोमेश्वरापासून आमच्या नायगाव तालुक्यातल्या राहेरपर्यंतची गोदावरी सगळ्यात वाईट वर्गात बसली. 2022 च्या यादीत देशभरात 311 प्रदूषित पट्टे निघाले आणि त्यातले 55 एकट्या महाराष्ट्राचे, म्हणजे राज्य पहिलं. असे पहिले नंबर मिरवायचे नसतात, हा विनय आम्ही पाळला. कुठल्या घाटावर या आठवड्यात पाणी कसं आहे याची पाटी वाचल्याचं कुणी सांगत नाही. पाटी असती तर माणसाने वाचली असती, वाचल्यावर विचार केला असता, आणि विचार करत काठावर बसलेल्या माणसाची अंघोळ राहून गेली असती.

आमच्या या बेफिकिरीपुढे पॅरिसच्या लोकांची कीव येते. तिथल्या सेन नदीत पोहायला 1923 पासून बंदी होती. 2024 च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी शंभर कोटी युरोंहून जास्त पैसा नदी साफ करण्यात घातला, आणि एवढं करून ऐन वेळी पाऊस पडला, पाण्यात जिवाणू वाढले म्हणून ट्रायथलॉनची शर्यत पुढे ढकलली. 2025 च्या जुलैत नदी सामान्य लोकांना खुली झाली, तर तिथे रोज पाणी तपासतात, झेंडे लावतात, जीवरक्षक बसवतात. झेंडा लाल असला की माणसं मुकाट्याने घरी जातात. एवढं श्रीमंत शहर आणि आपल्याच नदीवर इतका अविश्वास.

वाळू उपसणाऱ्यांचे उपकार तर कोणत्या शब्दांत मानावेत? गोदावरी आणि मांजरा या मूळच्या सपाट पात्राच्या, वाळूच्या नद्या. माणूस कंबरभर पाण्यात निवांत चालत जायचा. त्यात काही गंमत नव्हती. आता तराफे आले, सक्शन पंप आले, रात्रभर इंजिनं चालतात आणि पात्रात जागोजाग डोह तयार होतात. लिलाव झाला तरी उपसा, नाही झाला तरी उपसा. महसूलचं पथक येतं, तराफे जाळतं, इंजिनं जिलेटीन लावून उडवतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पंधरवड्याने नवे तराफे येतात, आणि नव्या फोटोची सोय होते. दोन्ही बाजूंच्या चिकाटीला तोड नाही.

हा डोह काम कसा करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. उपशाच्या खड्ड्याच्या कडा उभ्या असतात आणि त्या कडेवरची वाळू मोकळी, भुसभुशीत. वर गढूळ पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. मुलगा घोट्याइतक्या पाण्यातून गुडघाभर पाण्यात येतो, मागे वळून मित्राला हाक मारतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि त्या पावलाखाली काहीच नसतं. कडेवर उरलेला पाय वाळूसकट खाली जातो. पायाखालची वाळू सरकणे हे बाकीच्या महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावं लागतं. तो खड्डा खणणाऱ्याने पाटी लावली नाही, खणू देणाऱ्याने लावली नाही, आणि वाळू घेऊन घर बांधणाऱ्या आपण तो खड्डा नेमका कुठे पडला हे कधी विचारलं नाही. इतकं सहकार्य सहकारी संस्थांतही दिसत नाही.

लातूरकडे वळू. तिथे शहराला नदी नाही, पण विहिरी होत्या, बारवा होत्या. मागच्या पिढीचं पोहणं विहिरीतलं. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, कंबरेला दोर लावायचा, एक चुलता पाण्यात आणि एक काठावर, आणि मग पोराला आत ढकलायचं. दहा-पंधरा दिवसांत पोरगं मुटके मारू लागायचं. ही खरी शाळा होती आणि तिच्यात दोर होता, हे विसरू नये. पुढे बोअर आले, पाणी खाली गेलं, विहिरी आटल्या, काहींत गावाने कचरा टाकला. ती शाळा बंद पडली. पोरं शिकवणीला लातूरला गेली आणि लातूर पॅटर्नने त्यांना आर्किमिडीजचा सिद्धांत चारही पर्यायांसह पाठ करून दिला. पोहणं तेवढं राहून गेलं. चुलत्यांचं कसब गेलं आणि चुलत्यांचा बिनधास्तपणा तेवढा वारशाने पोरांकडे आला. सुट्टीत गावाकडे आलेल्या पोराला काठावरून कुणीतरी सांगतंच, “काही होत नाही रे, मार उडी!” हे सांगणाऱ्याचा आत्मविश्वास पाहावा. त्याला स्वतःला पोहता येत असतंच असं नाही.

इथवर कौतुक जमलं. शेततळ्याच्या काठावर उभं राहून ते जमत नाही, म्हणून आता सरळ सांगणं भाग आहे.

2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्याला पन्नास हजारांपर्यंत अनुदान होतं. मराठवाड्याला ती हवीच होती. मोसंबी वाचली, द्राक्षं वाचली, उन्हाळ्यात जनावरांना पाणी मिळालं. तळ्यातलं पाणी मुरू नये म्हणून आत 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्या कागदाने पाणी टिकतं आणि त्याच कागदाने माणूस मरतो.

कुठल्याही जुन्या शेततळ्याशी वाका आणि पाण्याच्या रेषेखाली हात फिरवा. कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. बाजू उतरत्या असतात. तिथे पाय ठेवला की टाच निसटते, पडता पडता तळहात टेकले तर तेही निसटतात. ओल्या प्लास्टिकमध्ये नख रुतत नाही. धरायला ना गवत, ना दगड, ना मूळ. विहिरीला निदान कपार असते. इथे पट्टीचा पोहणाराही नुसता तरंगू शकतो, बाहेर येऊ शकत नाही. काठ हातभर अंतरावर दिसत असतो आणि त्या हातभर अंतरावर तो पुन्हा पुन्हा घसरून दमतो.

म्हणून शेततळ्यातल्या बातम्यांत एकच नाव क्वचित असतं. धाकटा घागर बुडवताना घसरतो, त्याला काढायला थोरला जातो, थोरल्याला काढायला आई. कपडे धुवायला गेलेल्या मायलेकी, बैल धुवायला गेलेले भाऊ, सुट्टीत मामाच्या गावाला आलेली भाचरं. या माणसांना मूर्ख म्हणायची कुणाची हिंमत नाही. त्यांनी आपल्या माणसासाठी उडी घेतली. त्यांच्याजवळ फेकायला दोरी नव्हती एवढंच. मूर्खपणा ज्यांनी तळं खणून दोरीशिवाय सोडलं त्यांचा आहे, ज्यांनी दोरी न बघता बिलावर सही केली त्यांचा आहे, आणि अशी बातमी वाचून ‘नशीब एकेकाचं’ म्हणत पान उलटणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

मेल्यानंतरची आपली व्यवस्था बऱ्यापैकी आहे. भोई समाजातली जाणती माणसं बोलावली जातात आणि ती थंड पाण्यात तासन् तास बुड्या मारून देह शोधून आणतात. बहुतेक वेळा त्यांना त्याचं मोल मिळत नाही. ते पुरे पडले नाहीत तर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला निरोप जातो. त्याची ठाणी धुळ्याला आणि नागपूरला. तिथून नांदेड-लातूरला पोचेपर्यंत वाचवण्याचा विषय संपलेला असतो. पंचनामा होतो. बुडालेला माणूस शेतकरी कुटुंबातला आणि वयात बसणारा असला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख मिळू शकतात. खड्ड्याला पैसे आहेत, कागदाला पैसे आहेत, मरणाला पैसे आहेत. मधल्या दोरीची चौकशी मात्र कुणी करत नाही.

देशात 2022 या एका वर्षात 38 हजारांहून अधिक माणसं बुडून मेल्याची नोंद आहे, आणि ती फक्त पोलिसांपर्यंत पोचलेल्यांची. जगभरात हा आकडा वर्षाला तीन लाखांच्या आसपास जातो. पाण्याला अडसर घालणं, लहान लेकरांवर दिवसा कुणाचं तरी लक्ष असणं, शाळेच्या वयात पोहायला आणि सुरक्षितपणे वाचवायला शिकवणं, हे उपाय जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. यातला एकही महाग नाही. बांगलादेशाने खेड्यापाड्यांत लेकरांसाठी पाळणाघरं चालवून आणि मोठ्या मुलांना गावतळ्यातच पोहायला शिकवून बुडण्याचे मृत्यू कमी करून दाखवले. तो देश आपल्याहून श्रीमंत म्हणून हे जमलं, असं म्हणायची सोय नाही.

आणखी एक गोष्ट, कारण तिच्यापायी वाचू शकणारी माणसंही जातात. बुडालेल्याला बाहेर काढलं की आपल्याकडे त्याला उलटं धरतात, खांद्यावर टाकून गरागरा फिरवतात, पोट दाबून पाणी काढू बघतात. ही मिनिटं जीवघेणी असतात. बुडालेला माणूस पोटातल्या पाण्याने मरत नाही, श्वास तुटल्याने मरतो. त्याला पाठीवर निजवावं, हनुवटी वर करावी. श्वास चालत नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीच्या मधोमध जोराने दाबत राहावं. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दुसऱ्या कुणी तोवर 108 ला फोन करावा. हे शाळेत एका तासात शिकवता येतं. लातूरच्या शिकवण्यांनी वर्षातला एवढा एक तास द्यावा, ही हात जोडून विनंती.

घाटांसाठी मागणं याहून वेगळं नाही. गोवर्धन घाटापासून प्रत्येक घाटावर पाणी तपासल्याची तारीख आणि निकाल मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि पंजाबीत लागला पाहिजे. पाणी अंघोळीजोगं नसेल तर तसं लिहावं. भाविक रागावणार नाहीत. ते इतक्या लांबून आले आहेत, त्यांना खरं सांगणं हाच पाहुणचार. विष्णुपुरीचा दरवाजा उघडायच्या आधी घाटावर भोंगा वाजला पाहिजे आणि पायऱ्यांवर माणूस फिरला पाहिजे. वाळूच्या प्रत्येक खड्ड्याभोवती काठ्या आणि लाल फडकं लावायला लिलावाची वाट बघावी लागत नाही. ज्या गावच्या शिवारात उपसा होतो त्या गावच्या तलाठ्याला आणि सरपंचाला तो खड्डा ठाऊक असतोच.

आणि ज्याच्या शेतात तळं आहे त्याच्याशी एवढंच बोलायचं आहे. दादा, चारही बाजूंनी एकेक जाड दोरी घ्या. वर पक्क्या खुंटीला बांधा, हात-दोन हातांवर गाठी मारा आणि तळापर्यंत सोडा. एक हवा भरलेली ट्यूब दोर लावून काठावर टांगून ठेवा. तारेचं कुंपण परवडत नसेल तर बाभळीच्या काट्या लावा, पण लहान लेकरू आत जाणार नाही अशा लावा. घरातल्या सगळ्यांना, बायाबापड्यांना आणि पोरांना एकदा तळ्यावर नेऊन सांगा की कुणी पडलं तर आत उडी घ्यायची नाही. दोरी फेकायची, ट्यूब फेकायची, लुगडं फेकायचं आणि आडवं पडून ओढायचं. हे काम एका सकाळचं आहे. पोळ्याला पोरं बैल धुवायला तळ्यावरच जाणार आहेत. त्याच्या आत उरकून घ्या.